प्रेशर नॉर्मल

"सिस्टर, हात सोडा की आता. बायको बघतेय," रंगारी म्हणाला आणि स्वतःच हसला.

सिस्टरांनी हात सोडला नाही. रंगारी सकाळी शिडीवरून पडला होता. डाव्या बरगडीखाली मुका मार. प्रेशरचं यंत्र एकशे वीस दाखवत होतं आणि बायकोनं घरी जायला पिशवीही भरली होती. पण हात फरशीसारखा गार. कपाळाला चिकट घाम, आणि नाडी एकशे अठरा.

"तहान मात्र मेली भागत नाही," तो म्हणाला.

एकतीस वर्षांत सिस्टरांना एवढं कळलं होतं, की शरीर अब्रूला फार जपतं. आत रक्त गळू लागलं, की मानेतल्या नसा मेंदूला खबर देतात. मेंदू मग हातापायांचे, आतड्यांचे नळ आवळतो, हृदयाला पळवतो आणि प्रेशर जागच्या जागी ठेवतो. घरच्यांनी उपाशी राहायचं आणि पाहुण्यापुढे भरलं ताट मांडायचं, तसं. डबे खडखडेपर्यंत बाहेर कुणाला पत्ता लागत नाही.

"घाबरलाय म्हणून नाडी पळतेय," तरुण डॉक्टर म्हणाले. "प्रेशर नॉर्मल आहे. सोडा घरी."

"घाबरलेला माणूस माझी थट्टा करत नाही, डॉक्टर. एकदा बसवून मोजा. मी धरते."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, पण पट्टा बांधला. सिस्टरांनी रंगाऱ्याला पाठीशी हात देऊन बसवलं. त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

"अंधार का केलात?" त्यानं विचारलं.

खिडकीत भर दुपारचं ऊन होतं. यंत्रावर अठ्ठ्याहत्तर.

सिस्टरांनी त्याला अलगद आडवं केलं. डॉक्टर रक्ताची बाटली मागवायला स्वतः धावले. पाच मिनिटांत स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारातून आत गेलं.

"आत्ता तर बोलत होते हो," बायको म्हणाली.

"हो, बोलत होते." असे पेशंट शेवटपर्यंत बोलत असतात, हे सिस्टरांना ठाऊक होतं. ते त्यांनी सांगितलं नाही.

दोन तास झाले, दार उघडलं नाही. वॉर्डात नवा पेशंट आला, तशा सफाईच्या मावशी धुतलेली चादर घेऊन रंगाऱ्याच्या खाटेपाशी आल्या.

"काढू का ही?"

"नको. नव्याला माझ्या टेबलापाशी घ्या. ही खाट त्यांची आहे अजून."

मावशी चादर घेऊन परत गेल्या. बायको खाटेच्या अगदी कडेला टेकली. उशीवरचा खळगा मोडणार नाही, एवढ्या बेतानं.