चेअरमनसाहेबांचं वारं

पहाटे अंघोळ झाली की दुपारी देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचं व्रत आहे. लिहूनही काही सांगत नाही; आई म्हणायची, ती पळवाट. तरी घरात कुणाचं अडलं नाही. आमचे हे तर म्हणतात, निम्मा दिवस तरी संसार सुखाचा जातो.

ह्यांना क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार. आतडं उगाच सुजतं आणि आकसत जातं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, तरी एके ठिकाणी वाटच बंद व्हायला आली. तेव्हा परभणीच्या डॉक्टर पंकजाबाईंनी तेवढा तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली. बाई मूळच्या गंगाखेडच्या, बोलायला मऊ, पण एका प्रश्नाला पक्क्या. ऑपरेशन झाल्यापासून राउंडला आल्या की आधी विचारायच्या, वारं सरलं का? वारं सरलं म्हणजे आतडं चालू झालं. मग पाणी, मग चहा, मग पेज. तोवर सलाईन.

आमचे हे येलदरीकडच्या एका गावातल्या सोसायटीचे चेअरमन. चारचौघांत जांभई आली तरी तोंडावर उपरणं धरणारे. बाईमाणसानं असलं विचारावं हेच त्यांना रुचेना. नुसती मान हलवून नाही म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

त्या दिवशी पहाटे मी जप करत बसले होते. ह्यांच्या खाटेवरून आवाज आला. जरा वेळानं दुसरा, चांगला लांब. मी माळ कपाळाला लावली. हे झोपेचं सोंग घेऊन पडले होते, पण कान लाल झाले होते.

बाई यायच्या आधीच जिंतूरहून आमच्या लेकीचे सासू-सासरे येऊन बसले. चंद्रभान व्याही आणि दगडाबाई. लग्नात ह्याच व्याह्यांनी पंगतीत मोठा ढेकर दिला होता, आणि आमच्या ह्यांनी तो गावभर सांगितला होता.

बाई आल्या. "चेअरमनसाहेब, वारं सरलं का?"

हे छताकडं बघत म्हणाले, "न्हाई."

बाईंनी पोटाला हात लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पोट कडक लागत होतं. लागणारच. तिसरं यायला लागलं होतं आणि हे ते व्याह्यांपुढं दाबून धरत होते. मला ते ह्यांच्या पायाच्या अंगठ्यांवरून कळत होतं.

मी उठले. ह्यांच्याकडं बोट केलं, गाल फुगवले आणि हवा बाहेर गेल्याची हातानं खूण केली. दगडाबाईंनी लगेच खिडकी उघडली. व्याही म्हणाले, इनबाईंना मळमळायलंय. डॉक्टरबाईंनी मात्र खूण मनावर घेतली. पोट फुगलंय असं मी सांगतेय, असं त्यांना वाटलं. त्यांनी सिस्टरला नाकातून घालायची नळी आणायला पाठवलं, सीटी स्कॅनवाल्याला निरोप द्यायला सांगितला आणि ह्यांच्याकडं वळल्या.

"आतड्याचा सांधा गळत असला तर आजच पुन्हा पोट उघडावं लागेल."

ह्यांनी तोंड उघडलं, व्याह्यांकडं बघितलं आणि परत मिटलं. माणूस पोट फाडून घ्यायला तयार झाला होता. सिस्टर नळी घेऊन आली. मी उशाच्या तसबिरीतल्या देवाकडं बघितलं. त्यानंही काही सुचवलं नाही.

"सरलं हो बाई," मी म्हणाले. "पहाटेच. दोनदा. अन् तिसरं दाबून धरलंय."

माझा आवाज मुळात बारीक, पण वॉर्ड एकदम गप झाला होता. बाईंनी हात पोटावर तसाच ठेवला.

"सोडा, चेअरमनसाहेब," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्यासाठीच तर बसलोय आमी."

पोट मऊ झालं. कसं झालं ते सगळ्यांना ऐकू आलं.

बाईंनी पुन्हा चाचपून बघितलं, स्टेथोस्कोप लावून ऐकलं, आणि नळी परत पाठवली. सीटीचंही राहू द्या म्हणाल्या. चमच्यानं पाणी द्यायला सांगून त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. तिथंही तोच प्रश्न.

चंद्रभान व्याही बराच वेळ टॉवेलात तोंड घालून बसले होते. मग डोळे पुसत म्हणाले, "इवाई, माझा ढेकर फिटला बरं का."

हे पाणी गिळून भिंतीकडं तोंड करून पडले. पावणे गेल्यावर म्हणाले, "दोनदाचं सांगितलंस ते ठीक. तिसरं सांगायचं काय नडलं होतं?"

मी माळ उचलली. नैवेद्याला अजून अवकाश होता.