पहिल्या रसाचा वास

"वॉटी, एका जागी उभा राहशील का दोन मिनिटं? मला भोवळ येते तुझ्याकडे बघून," त्याची बायको मोराग म्हणाली.

वॉटी कसला राहतोय! गॅलाशील्स गावच्या लोकरीच्या गिरणीत चाळीस वर्षं मागांच्या रांगांतून फिरत त्यानं बिघाड काढले. निवृत्त झाला, पण ते पायांना कुणी कळवलंच नव्हतं. त्यात घरी बिअर करायला घेतली, की विचारू नका. भरडलेलं जव गरम पाण्यात भिजत असायचं आणि हा दर पाच मिनिटांनी झाकण उचलून बघायचा.

जवाचा पहिला रस मात्र मोरागचा. तो वेगळ्या लहान पातेल्यात काकवीसारखा होईपर्यंत आटवायचा आणि मग बाकीच्या रसात मिसळायचा, हे ती बापाकडून शिकलेली. लवकर उतरवला तर बिअर मिळमिळीत, उशीर झाला तर कडूजहर. तीस वर्षं ती पातेल्याशेजारी स्टुलावर विणत बसायची आणि वासावरून, मान वर न करता म्हणायची, "उतरव." एकदाही चुकली नव्हती. नववर्षाला अख्खी आळी या बिअरसाठी दारात यायची.

"झालं का गं?"

"नाही अजून."

वॉटी अंगणात जाऊन आला. "आता?"

"नाही म्हटलं ना. नाक माझं आहे की तुझं?"

तो बादली धुवायला गेला. परतला तो दारातच थबकला. स्वयंपाकघरात निळसर धूर आणि करपल्याचा वास भरला होता, आणि मोराग पातेल्याला खेटून शांतपणे विणत होती.

त्यानं झडप घालून पातेलं उतरवलं. "मोराग, करपलं की गं हे."

तिच्या सुया थांबल्या. वॉटीला महिनाभराची खारट लापशी आठवली. समुद्र ओतलास का, म्हणून तो रोज चेष्टा करायचा.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. कशाचाच वास येत नाही."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? आईचंही आधी नाकच गेलं होतं, वॉटी. मग नावं गेली. शेवटी मलाच विचारायची, बाई, तुम्ही कोणाच्या?"

वॉटी दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. तिनं लपवलं याचा राग येत होता, आणि आपल्याला कळलं नाही याचा त्याहून जास्त.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं. मी येणार बरोबर."

"ये. तिथंही येरझाऱ्या घाल."

डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. शनिवारी वॉटीनं पुन्हा जव भिजवलं. पहिला रस आचेवर चढला तेव्हा मोराग विणकाम घेऊन बाहेरच्या खोलीत निघाली होती. त्यानं तिच्यापुढे स्टूल सरकवलं आणि स्वतः पातेल्याशी उभा राहिला.

पाऊण तास तो तिथून हलला नाही.

"कसा वास येतोय?" तिनं विचारलं.

"भाजलेल्या पावाच्या कडेसारखा."

"थांब मग."

चार-सहा ओळी विणून झाल्या. "आणि आता?"

वॉटीनं डोळे मिटून वाफ ओढून घेतली. "तुला मागणी घालायला आलो होतो ना, तेव्हा तुमच्या घरात येत होता तसा."

"उतरव," मोराग मान वर न करता म्हणाली.