छापील नावाची पाकिटं

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी चर्चच्या हॉलमधला फोन वाजायचा आणि नोएलीन प्राउस तो दुसऱ्या घंटीला उचलायची. पहिल्याच घंटीला उचलला तर आपण वाट बघत बसलो होतो असं पलीकडे वाटेल, म्हणून दुसऱ्या.

"मीच गं, पोरी," वाल्डा पायबस म्हणायची. नोएलीनला सदुसष्टावं वर्ष लागलं होतं, पण वाल्डा त्र्याऐंशीची. पोरी म्हणायचा तिला हक्क होता.

"बोला, मिसेस पायबस."

"माझा गार्थ येतो का तुमच्याकडे?"

"त्या नावाचं कोणी इथे येतं की नाही, ते मला सांगता येणार नाही. निरोप द्या, मी लिहून घेते. असा कोणी येत असेल तर त्याला मिळेल."

"होबार्टात तुमच्यासारख्या तीन जागा. तिन्हीकडे फोन करते मी. तिघीजणी अगदी हेच म्हणता. एकाच मास्तरणीकडे पाठ केलंत की काय?" वाल्डा हसायची. हसता हसता दम लागायचा, तो आवरेपर्यंत नोएलीन थांबायची. "बरं, एवढं तरी सांग, आज खायला काय केलंत?"

"ओटची लापशी. टोस्ट."

"लापशीवर साखर? तपकिरी?"

"ज्याला हवी त्याला."

"घाला गं. हात आखडता घेऊ नका."

हे बोलणं चाललेलं असताना गार्थ पायबस नोएलीनच्या टेबलापासून नऊ पावलांवर, हीटरशेजारच्या खुर्चीत बसून दुसरी वाटी चाटूनपुसून संपवत असायचा. तपकिरी साखर घालून.

बेघरांसाठी हा हॉल सिस्टर बर्निस यांनी उभा केला. त्या आता हयात नव्हत्या, पण त्यांची शिस्त होती. सात वाजता दार उघडायचं, छोटीशी प्रार्थना, मग नाश्ता. अंघोळीला नंबर लावायचा, कपडे मशीनला टाकायचे, आणि ज्यांना पत्ता नाही त्यांनी इथला पत्ता वापरायचा. आलेल्या माणसाला पाहुणा म्हणायचं. त्याला काही विचारायचं नाही. सांगेल तेवढं ऐकायचं. आणि पाहुणा इथे आहे हे बाहेरच्या कोणालाही कळू द्यायचं नाही, मग फोनवर आई असो, भाऊ असो की बिशप. या नियमाला कारण होतं. हॉल नवीन असताना एका स्वयंसेवकाने फोनवर एका नवऱ्याला चांगुलपणाने सांगितलं होतं, हो, तुमची बायको इथेच आहे, जेवतेय. तासाभरात तो आला. ती बाई त्यातून वाचली नाही. सिस्टर बर्निस नव्या स्वयंसेवकाला हे एकदाच सांगायच्या, पुन्हा कधी नाही.

नोएलीनला नियम पटला, कारण तिचं सगळं आयुष्य त्यातच गेलं होतं. एकतीस वर्षं तिने इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या तपासल्या. नाव, तारीख, वेळ. लेबल चुकलं की रक्त दुसऱ्याच कोणाचं ठरतं. हॉलमध्ये आली तेव्हा तिने पाहिलं, की निरोप कागदाच्या कपट्यांवर लिहून पत्रांच्या खणात नुसते घडी घालून ठेवलेले असत. कोणीही उघडून वाचावं आणि वर टिंगल करावी. तिला ते सहन झालं नाही. घरून लेबल छापायचं लहान मशीन आणलं, पांढऱ्या पाकिटांचा गठ्ठा आणला. आता प्रत्येक निरोप स्वच्छ अक्षरात, बंद पाकिटात आणि वर छापील नाव. पाहुण्याची अब्रू राहते, असं तिला वाटे.

गार्थचं पाकीट तयार असलं की ती ते त्याच्या खणात ठेवायची. तो निघताना खणाशी थबकायचा. "आलं का आणखी एक?" एवढंच म्हणायचा, पाकीट कोटाच्या आत घालायचा आणि चेन वर ओढायचा. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. पुढच्या दिवशीही बघायची. चेहऱ्यावर काही नसायचं.

फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत हे असंच चाललं. नोएलीनने त्यातून काय ते समजून घेतलं होतं. माणसाने वाचलं आहे आणि फोन न करायचं ठरवलं आहे. त्याचा निर्णय. तरी मंगळवारी तिला त्याचा राग यायचा, आणि राग आल्याची लाज वाटायची. मग ती त्याच्याशी जरा जास्तच सभ्यपणे वागायची, म्हणजे कमी बोलायची.

जुलैच्या शेवटी वाल्डाचा फोन आला तो शेवटचा. पुढच्या मंगळवारी दहा वाजून पाच मिनिटं झाली, सहा झाली, वीस झाली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. तिसऱ्या मंगळवारी फोन वाजला तो साडेआठला, आणि बोलणारी बाई वेगळी होती.

"मी अल्व्हरस्टनहून बोलतेय, वाल्डा पायबसची शेजारीण. वाल्डा शनिवारी इस्पितळात वारली. शुक्रवारी अकराला अंत्यविधी आहे. तुम्ही काही सांगणार नाही ते माहितेय मला, तिने बजावून ठेवलंय. फक्त असा माणूस असेल तर त्याला कळवा."

"असा माणूस असेल तर कळवते," नोएलीन म्हणाली. सवयीने तिने एक पाकीट ओढलं, मशीनवर नाव टाइप केलं. लेबल सरकत बाहेर आलं. ते हातात धरून ती थोडा वेळ बसली. मग लेबल मशीनशेजारी तसंच ठेवून उठली.

हीटरशेजारी सिओने गार्थची वाटी भरत होता. सिओने टोंगा बेटांवरचा, हॉलचा आचारी. त्याच्या हातातला डाव सुद्धा लहान वाटायचा.

"तिसरी? पोटात भाडेकरू ठेवलेस की काय?"

"ठेवले असते तर रात्री पुलाखाली कशाला झोपलो असतो?" गार्थ म्हणाला. "तुझी लापशीच चिकट. ती खाली उतरत नाही, मला वाटतं अजून भूक आहे."

"उद्यापासून तुला वॉलपेपरचा गोंद देतो. फरक कळू दे."

नोएलीनला येताना पाहून दोघं गप्प झाले. ती समोरची खुर्ची ओढून बसली. गार्थसमोर ती अशी आजवर कधी बसली नव्हती.

"गार्थ, तुझी आई वारली. शनिवारी. तुमच्या शेजारणीचा आत्ता फोन आला होता."

गार्थने चमचा वाटीत ठेवला, मग उचलून टेबलावर ठेवला. सिओनेने डाव खाली घेतला आणि त्याच्या खांद्यावर हात टेकवला.

"तिला इथला नंबर कोणी दिला?" गार्थ म्हणाला.

नोएलीनला प्रश्न समजला नाही. "शेजारणीला? तुझ्या आईनेच दिला असेल. ती दर मंगळवारी फोन करायचीच की."

"कोण?"

"तुझी आई. फेब्रुवारीपासून. तिचेच निरोप देत होते ना मी तुला."

"कसले निरोप?"

"पाकिटं, गार्थ."

त्याने कोटाची चेन खाली घेतली. आतून पावाची जुनी प्लास्टिकची पिशवी काढली, तिची गाठ सोडली आणि पाकिटं टेबलावर ठेवली. तेवीस होती. कोपरे मळले होते, काहींवर पाण्याचे डाग होते. प्रत्येकावर नाव सरळ ओळीत होतं, आणि प्रत्येक पाकीट बंद होतं.

"ही कोर्टाची नाहीत?" त्याने विचारलं.

"कोर्टाची कशी असतील?"

"ख्रिसमसला मी तिच्या घरी खिडकी फोडली. प्यायलो होतो. तिने पोलिसांना बोलावलं. त्यांनी तारीख दिली, मी गेलोच नाही, इकडे निघून आलो." तो पाकिटांकडे बघत बोलत होता. "माझं नाव छापलेलं पाकीट आजपर्यंत एकाही भल्या माणसाने पाठवलेलं नाही, नोएलीन. पहिलं दिलंस तेव्हा म्हटलं, शोधलं त्यांनी मला. उघडायची छाती नव्हती. फेकायचीही नव्हती."

"मला वाटलं, तू वाचलीस."

"वाचून काय केलं, असं वाटलं?"

"फोन करायचा नाही असं ठरवलंस."

"माझ्या आईला?"

नोएलीनने कडेचं एक पाकीट सरळ करून ठेवलं.

"मी इथेच बसायचो," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "रोज. लापशी खाताना म्हणायचं होतंस, गार्थ, आईचा फोन होता. एवढंच."

तिच्याकडे उत्तर होतं. पाहुण्याचं खासगीपण, काही विचारायचं नाही, सगळं. पण नियम बाहेरच्यांना सांगू नका असा होता. गार्थला सांगू नका असं सिस्टर बर्निस कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते नोएलीनने स्वतःहून जोडलं होतं, पाकिटासारखंच.

"हो," ती म्हणाली. "म्हणायला हवं होतं."

गार्थने सगळ्यात खालचं पाकीट नखाने फाडलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "वाच. अक्षर तुझंच आहे."

तिने वाचलं. "तुमच्या आईंचा फोन आला होता. खिडकी दुरुस्त झाली आहे. घरी फोन करावा."

"असं बोलते ती?"

"नाही."

"मग काय म्हणाली?"

नोएलीनने डोळे मिटले. "म्हणाली, त्याला सांग, काच बसवून घेतली. जुनी रंगीत होती, आता साधी बसवली, आणि ओट्यावर काय छान उजेड येतो. हे त्याने दहा वर्षांपूर्वी का नाही केलं."

गार्थच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी आलं. सिओने तोंड फिरवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागला.

दुसरं पाकीट. त्यात लिहिलं होतं, "त्या दिवसाच्या प्रसंगाबद्दल गैरसमज नसावा. तक्रार मागे घेतली आहे."

"आणि ती?"

"म्हणाली, पोलिसांना बोलावलं ते त्याला घाबरून नाही. काचेत हात घालून बसला होता. म्हटलं शीर कापून घेईल, आणि माझ्याच्याने काही त्याला धरवणार नाही. सकाळी जाऊन तक्रार खोडून आले. त्या पोलिसाला बिस्किटं नेली होती, त्याने घेतली नाहीत. शिष्ट कुठला."

तो एकेक पाकीट फाडत गेला, ती सांगत गेली. मे महिन्यापाशी ती अडखळली. कागदावर होतं, "आई आठवण काढतात."

"इथे काय म्हणाली?"

"आठवत नाही."

"काहीतरी म्हणाली असेल."

"म्हणाली होती. बरंच बोलली होती. मी एवढंच लिहिलं." तिने कागद खाली ठेवला. "रचून सांगता येईल मला, गार्थ. सांगणार नाही."

त्याने मान हलवली आणि ते पाकीट वेगळं ठेवलं. हळूहळू तसल्या पाकिटांचा एक निराळा ढीग झाला. दुसऱ्या ढिगापेक्षा तो फारसा लहान नव्हता.

"शेवटचा फोन?" तो म्हणाला. "याच्यानंतर काही नाही?"

"एक फोन आला होता. त्याचं पाकीट नाही. निरोप दिलाच नाही तिने."

"मग?"

"म्हणाली, तुला बोलायची बंदी आहे ते मला समजतं, पोरी. तू बोलू नकोस. तो जिवंत असेल तर नुसतं एकदा खोक. खोकण्याचा काही कोणी नियम केला नसेल."

हॉलच्या दुसऱ्या टोकाला कपड्यांचं मशीन थांबलं. कोणीतरी उठून त्याचं दार उघडलं.

"मी खोकले नाही," नोएलीन म्हणाली.

"मी कुठे होतो?"

"इथेच. टोस्टला लोणी लावत होतास. मी तुझ्याकडेच बघत होते."

"थांबली होती ती?"

"हो. तिचा श्वास ऐकू येत होता."

"किती वेळ?"

भिंतीवर घड्याळ होतं आणि घड्याळाकडे बघायची तिला जन्माची सवय. "चाळीस सेकंद. थोडं जास्तच."

"मग?"

"मग म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला."

गार्थने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. उजव्या मनगटावर पांढरा व्रण होता, बांगडीइतका लांब. तो तिला तीन हात अंतरावरून आज पहिल्यांदा दिसला.

"शुक्रवारी अकराला आहे," ती म्हणाली. "मी गाडीने नेते तुला. अल्व्हरस्टनला साडेतीन तास लागतील. पहाटे निघू."

"नको," गार्थ म्हणाला. मग, तिला लागलं असेल असं वाटून की काय, जरा खाली आवाजात, "सिओने, तू नेशील?"

"नेईन. माझा काळा कोट घाल. तुझ्यासारखे दोघं मावतील त्यात."

"बरं," नोएलीन म्हणाली आणि उठली.

"नोएलीन." तो वर बघत नव्हता. "ते सगळं लिहून दे मला. तिच्या शब्दांत. शुक्रवारच्या आत. आणि हातात दे."

ती तिच्या टेबलाशी परतली. सकाळचं छापलेलं लेबल मशीनशेजारी होतं, ते तिने केराच्या डब्यात टाकलं. मग वहीतला मोठा कागद घेतला, डाव्या बाजूला फेब्रुवारीपासूनच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या, आणि पहिल्या तारखेपुढे सुरुवात केली. मीच गं, पोरी. जिथे आठवत होतं तिथे ती हळूहळू लिहीत गेली, दम लागून थांबण्याच्या जागाही तिने वगळल्या नाहीत. जिथे आठवत नव्हतं तिथे तिने काही भरलं नाही. दहा तारखांपुढे काहीच नव्हतं. त्या प्रत्येकीपुढे तिने लिहिलं, या दिवशी त्या बरंच बोलल्या, आणि खाली आपली सही केली.