झाकणाची दिशा

आमचा कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. एका भिंतीला सुती दोरीची रिळे, मधोमध जाड फळ्यांचे टेबल आणि खिडकीखाली आईची बैठक. दोरीचे फेर एकाला एक लावून सुईने टाचत जायचे आणि त्यांतून टोपली उभी करायची, हे काम आईने आम्ही लहान असताना सुरू केले. आज ती ब्याऐंशी वर्षांची असून अजूनही दोऱ्याचा ताण तिच्याइतका सारखा कोणाला ठेवता येत नाही. मी तिची थोरली मुलगी. तंत्रनिकेतनातून पदविका घेतली, एकतीस वर्षे एका कंपनीच्या आरेखन विभागात काढली आणि निवृत्त झाल्यावर इथली व्यवस्था हाती घेतली. विक्री धाकटी बहीण पाहते. तिने माझे नाव मिलिमीटर ठेवले आहे.

त्या दिवशी दुपारी चार वाजता एका मोठ्या दुकानाच्या खरेदी अधिकारी बाई येणार होत्या. झाकणाच्या सहा टोपल्या त्यांना पसंत पडल्या, तर तीनशेंची मागणी मिळणार होती. मागच्या भेटीत त्यांची एकच तक्रार होती: टोपली उचलली की झाकण निसटते. मी झाकणाचा व्यास तीन मिलिमीटरने कमी केला आणि सतरा पायऱ्यांचा, आकृत्यांसह असा कार्यतक्ता तयार केला. तीनशे टोपल्या तिघींच्या आवाक्यातल्या नव्हत्या. म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंना मी बोलावले. तक्त्यावरून त्यांनी सहाही झाकणे आपल्या घरी बसून केली. आणि पुढचे काम नक्की आहे असे मी बोलून गेल्यामुळे त्यांनी कपड्यांच्या दुकानातली नोकरी आदल्याच दिवशी सोडली होती. मागणी मिळाली नाही, तर त्यांना काय तोंड दाखवणार, हा विचार सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नव्हता.

बारा वाजता शिंपीणबाई पिशवी घेऊन आल्या. झाकणे पाहून मला हर्ष झाला. टोपीसारखी खोलगट, टाके मोजून घातल्यासारखे, वर धरायला दोरीची मूठ. व्यास मी स्वतः मोजला. अचूक. मी पहिले झाकण टोपलीवर ठेवले आणि उचलून पुन्हा फिरवून ठेवले.

आमच्या टोपलीवर निळ्या दोऱ्याचा एक तिरपा पट्टा असतो. तो बुडापासून निघून चढत चढत झाकणाच्या मुठीपर्यंत एकसलग जातो. आमच्या मालाची तीच ओळख. इथे टोपलीवरचा पट्टा डावीकडे चढत होता आणि झाकणावरचा उजवीकडे. काठाशी दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली होती.

"ताई, हे झाकण रुसलंय का?" धाकटी म्हणाली.

दुसरे झाकण ठेवले. तेही तसेच. सहाही तशीच.

शिंपीणबाईंचा चेहरा उतरला. "तक्त्यात आहे तसंच केलंय हो, ताई. एकही पायरी सोडली नाही."

मी तक्ता काढला. दोरीची जाडी होती, टाक्यांमधले अंतर होते, दोरा किती वेळा ओढायचा तेही होते. फेर कोणत्या बाजूने फिरवायचा, हे मात्र कुठेही लिहिलेले नव्हते. फिरवायला दुसरी बाजू असते हेच माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

"बाई, सुई कोणत्या हातात धरलीत?" मी विचारले.

"उजव्या. दुसऱ्या कोणत्या धरणार?"

मी आईकडे पाहिले. तिची सुई डाव्या हातात होती. धाकटीकडे पाहिले. तिचीही डाव्या हातात. मग स्वतःच्या हाताकडे पाहिले. लिहायला उजवा, जेवायला उजवा, कंपनीत चाळीसेक हजार रेषा काढल्या त्याही उजव्याने. पण दोरी पुढ्यात आली की सुई आपोआप डावीकडे जाते. आई डावखुरी. तिच्या मांडीला मांडी लावून आम्ही शिकलो आणि आयुष्यभर तिच्याच हाताने काम करत राहिलो.

"एवढी शिकलीस," धाकटी म्हणाली, "आणि आई डावखुरी आहे हे आज कळलं तुला?"

"तुला कधी कळलं?"

"मला पण आत्ताच. पण माझ्याकडे पदविका नाही."

आई हसू दाबत म्हणाली, "मी सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही."

एका झाकणाला पाच तास लागतात. हातात होते चार. नवे करणे शक्य नव्हते. पट्टा उसवून पुन्हा घालावा तर त्याच दोऱ्यावर फेर टाचलेले. मी कागदावर हिशेब मांडू लागले आणि तिसऱ्या ओळीला अडले. तेवढ्यात शिंपीणबाई हळूच म्हणाल्या, "ताई, बाही चुकून उलटी शिवली गेली तर आम्ही ती उलटवून बघतो. हे उलटवलं तर?"

मी पेन्सिल खाली ठेवली. आतली बाजू बाहेर आली की चढण्याची दिशा बदलणारच. आरशात उजव्याचे डावे होते तसे. कंपनीत नव्याने आलेल्या पदवीधर मुलांना मी हे शिकवले होते.

"पण आतले टाके दिसतील," धाकटी म्हणाली. "गाठी, टोकं, सगळा पसारा."

शिंपीणबाईंनी झाकण उताणे करून तिच्यापुढे धरले. आत एक गाठ नव्हती. टोके फेरांच्या पोटात दडवलेली. "आमच्याकडे गिऱ्हाईक आधी आतली शिलाई बघतं," त्या म्हणाल्या. "सवय आहे."

पुढचे तीन तास त्या खोलीत कोणी पाणी प्यायला उठले नाही. मी मुठी उसवायच्या, शिंपीणबाईंनी ओल्या फडक्याने दोरी दमट करून अंगठ्यांनी झाकण उलटवायचे, धाकटीने इस्त्री फिरवायची, आईने मूठ पुन्हा टाचायची. पहिले झाकण उलटून टोपलीवर बसले आणि निळा पट्टा बुडापासून मुठीपर्यंत अखंड धावला, तेव्हा मी त्यावरून बोट फिरवून पाहिले. सहावी मूठ चाराला दहा कमी असताना बसली.

खरेदीच्या बाई वेळेवर आल्या. त्यांनी पहिली टोपली घेतली आणि मागच्यासारखीच, काही न विचारता, झाकणाच्या मुठीला धरून उचलली. टोपलीही झाकणासोबत वर आली. त्यांनी ती हलवून पाहिली. दुसरी उचलली, तिसरी उचलली. शिंपीणबाई दाराशी पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

"मागच्या वेळी सुटत होतं," बाई म्हणाल्या. "काय केलंत?"

"घरची जुनी पद्धत आहे," धाकटी तत्परतेने म्हणाली.

मला ते गिळवेना. "आज दुपारची पद्धत आहे," मी म्हणाले आणि सारे सांगितले. उलटवलेली दोरी मूळच्या आकाराकडे परतू पाहत असणार, म्हणून काठ आत ओढला जात असावा, हा माझा अंदाजही सांगितला. टेबलाखाली धाकटीचा पाय माझ्या पायावर पडला.

"तीनशेही अशीच बसतील?"

"सहा बसली आहेत. तीनशेंबद्दल आज शब्द देणार नाही. कालच एक शब्द घाईत दिला आहे."

बाईंनी एक झाकण काढून आत-बाहेर निरखले. "हे कोणी केलं?"

मी शिंपीणबाईंकडे बोट दाखवले.

"आधी साठ द्या," बाई म्हणाल्या. "दोन महिन्यांत. ती अशीच बसली, तर उरलेल्या टोपल्या तुमच्याच."

त्या गेल्यावर धाकटीने हिशेब केला: साठ झाकणे, म्हणजे शिंपीणबाईंना दोन महिने रोजचे काम. शिंपीणबाई चटई उचलून आईच्या डाव्या बाजूला येऊन बसल्या. पहिल्याच टाक्याला दोघींची कोपरे एकमेकींवर आपटली.

"इथे नाही, बाई," आई म्हणाली आणि खिडकीकडे सरकली. "तू माझ्या उजवीकडे ये. म्हणजे तुझा हात तिकडे, माझा इकडे."

मी तक्ता पुढे ओढला आणि अठरावी पायरी लिहू लागले: झाकण उलटवा.