अकरा स्कॅनर आणि एक वाजताची गाडी

औषधांची गाडी गोदामातून दुपारी एक वाजता सुटणार होती आणि साडेअकरा वाजेपर्यंत दोनशे बारा खोक्यांपैकी जेमतेम वीस संगणकात चढली होती. स्कॅनर पहिलं खोकं घ्यायचा आणि दुसऱ्याला लाल दिवा दाखवायचा.

खोक्यांत इन्सुलिन होतं. स्कॅन झाल्याशिवाय पावती छापली जात नाही, पावतीशिवाय फाटक उघडत नाही. पुढची गाडी थेट तीन दिवसांनी.

या बिनतारी स्कॅनरचं बोलणं मुख्य संगणकापर्यंत पोचवणारा मधला प्रोग्राम मी नुकताच बसवला होता. “बाहेरचा माणूस कशाला? मी करते की,” असं साहेबांना मीच म्हटलं होतं. कोणी विचारलंही नव्हतं.

प्रोग्रामच्या नोंदीत एकच ओळ सारखी उमटत होती: हा क्रमांक आधीच जोडलेला आहे. म्हणजे दोन स्कॅनरना चुकून एकच क्रमांक गेला असणार, असं मी धरून चालले. अकराही स्कॅनर टेबलावर मांडले, क्रमांक ताडले, पुसले, पुन्हा घातले. टेबलावर सगळे गुणी बाळांसारखे वागायचे. शीतगृहात गेले की रुसायचे.

“मॅडम, काय सांगू वरती?” साहेबांनी चौथ्यांदा विचारलं.

“दहा मिनिटं,” मी चौथ्यांदा म्हणाले.

बारा वाजून गेले. शेवटी जाड कोट चढवला आणि आत शिरले. आधीच जायला हवं होतं, पण पडद्यावरचं सोडून माणसांकडे बघायचं सुचतं कुणाला!

शीतगृहात मावशींचं राज्य. वीस वर्षं त्या खोकी हलवतायत. मी येताच म्हणाल्या, “या. तुमची खेळणी घेऊन जा आणि आम्हाला वही-पेन्सिल द्या.”

“एक खोकं करून दाखवा ना, मावशी. नेहमी करता तसंच.”

त्यांनी स्कॅनर खोक्यावर धरला. लाल दिवा. मग बोटाने तो बंद केला, कोटाच्या आत सरकवला आणि दोन्ही हातांनी खोकं उचललं.

“बंद का केलात?”

“मग? कोटात खटका दाबला जातो. शेजारचंच खोकं दोनदा चढतं. सगळ्याजणी बंदच करतात. उचलायला दोन हात लागतात, बाई. तिसरा तुमच्या प्रोग्रामात असेल तर द्या.”

स्कॅनर न सांगता बंद व्हायचा आणि माझा प्रोग्राम त्याचं जुनं कनेक्शन अर्धा तास धरून बसायचा. स्कॅनर पुन्हा जागा होऊन आला की हा म्हणायचा, तू तर आधीच आत आहेस. अर्धा तास मीच लिहिला होता. कनेक्शन तुटू नये म्हणून, काळजीपोटी.

धावत बाहेर आले. नवं कनेक्शन आलं की जुनं सोडून दे, असं प्रोग्रामला सांगायला दोन ओळी पुरल्या. तो पुन्हा सुरू होईपर्यंत बारा चाळीस झाले.

“चला!” मी दारातून ओरडले. हिरवा दिवा. पुन्हा हिरवा. अकराजणी पळत होत्या, मीही खोकी उचलत होते. एक वाजला तेव्हा एकशे एकाहत्तर झाली होती.

मी ड्रायव्हरचा हात धरला. “दहाच मिनिटं, दादा.”

“ताई, पुढे चौदा दवाखाने ताटकळतायत,” तो म्हणाला. त्याचंही खरं होतं. गाडी गेली.

उरलेली एक्केचाळीस खोकी एकाच दवाखान्याची, यादीत सर्वांत शेवटच्या. तिथे फोन मीच लावला. औषधं देणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“तीन दिवस?” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे उद्यापुरतं आहे.”

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी घेऊन येते,” मी म्हणाले.

चार तासांचा रस्ता. थंड पेट्यांतला बर्फ सहा तास टिकतो. साहेबांनी छोट्या व्हॅनची किल्ली पुढे केली. मी स्कॅनर उचलला आणि उरलेली खोकी स्कॅन करायला लागले. मावशी शेजारी पेट्यांत बर्फ रचत होत्या.

“गाडी येते का तुम्हाला?”

“येते. शिकलेय.”

“कुणाकडे?”

“माझी मीच.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग बर्फाकडे. “थांबा,” त्या म्हणाल्या, “घरी फोन करून सांगते, मला उशीर होईल.”