एका लेथवर दोन कारागीर

मी कामावरून आले तेव्हा बाबा एका हाताने आईला पाणी पाजत होते आणि मान वळवून दारातून गॅसवरचं दूध बघत होते. दूध आधीच उतू गेलं होतं. मी चपला न काढताच गॅस बंद केला.

"आज आठ पाठवले गं," बाबा आईला म्हणाले.

"शाबास," आई म्हणाली. तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

आईच्या हातांची थरथर सुरू झाली त्याला चार वर्षं झाली. त्या आजारात मेंदूतल्या एका प्रथिनाची घडी चुकते. ती का चुकते, याची आकडेमोड इतकी मोठी आहे की संशोधक तिचे तुकडे करून जगभरातल्या घरगुती कॉम्प्युटरना वाटतात. आपला कॉम्प्युटर तुकडा सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो. बाबांनी हे कुठेतरी वाचलं आणि माझ्यामागे लकडा लावला. "माझ्या हातून दुसरं काय होणार आहे?" म्हणाले. तीन आठवड्यांपूर्वी मी ते लावून दिलं. तेव्हापासून किती तुकडे पाठवले ते आईला सांगणं हा त्यांचा एकमेव आनंद होता.

प्रकल्पाचं पान मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं. तोवर पाठवलेल्या बत्तीसही तुकड्यांपुढे एकच शेरा होता: मुदतीनंतर आले, ग्राह्य नाही.

चूक माझीच होती. आमच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्ये चार गाभे, म्हणजे कोर, आहेत. हायपरथ्रेडिंग चालू असलं की प्रत्येक गाभा दोन असल्यासारखा वागतो आणि एकदम आठ तुकडे घेतो. चारांपेक्षा आठांनी एकूण काम सतरा टक्के जास्त होतं, हे मी कॉलेजात मोजलं होतं. म्हणून आठ ठेवले. पण कॉलेजातलं मशीन चोवीस तास चालायचं. आमचं मशीन आईच्या खोलीत. पंख्याच्या आवाजाने तिची झोप मोडते म्हणून बाबा ते दिवसाला नऊच तास चालवतात. आठ एकदम घेतले की तुकड्याला एक्केचाळीस तास लागतात आणि मुदत चार दिवसांची, म्हणजे आमचे छत्तीस तास. एवढा साधा गुणाकार मी केला नव्हता.

बाबांना स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. ते ओट्यावरचं दूध पुसत होते. पुसतच राहिले.

"म्हणजे वरातीमागून घोडं," ते म्हणाले. "बत्तीस वेळा."

"हो."

"मग ते तुकडे?"

"दुसऱ्या कुणाकडे गेले. त्यांनी केले."

"झाले ना? मग झालं." फडकं पिळून त्यांनी नळावर टाकलं. मग म्हणाले, "दोन माणसं एका गाभ्यात कशी काय बसतात?"

बाबांनी एकतीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली. मी म्हटलं, "समजा लेथ एक आणि कारागीर दोन. एक माप घेत असला की दुसरा कापतो. लेथ रिकामं राहत नाही."

"आणि दोघांनाही एकदमच कापायचं असलं तर?"

"मग एकाने थांबायचं."

"आमच्याकडे साहेबांनी केला होता हा प्रकार. माल जास्त निघायचा, खरंय. पण जो तो रखडायचा. गिऱ्हाईक काय, माल कधी येतो ते बघतं." ते दमल्यासारखे स्टुलावर बसले. "एकेकच ठेव. किती लागतील?"

"चार घेतले तर चोवीस तास. तिसऱ्या दिवशी जातील."

"सतरा टक्के गेले म्हणायचे."

"गेले."

"जाऊ देत. आणि हे बघ, आईला यातलं काही सांगू नकोस. एवढी एकच गोष्ट सांगायला असते माझ्याकडे."

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावर हायपरथ्रेडिंगची ओळ शोधून बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, एका बोटाने बटण दाबलं आणि ती ओळ स्वतः बंद केली. मग जुने अर्धवट तुकडे टाकून देऊन मी नवे चार घेतले.

"काय खुडबूड चाललीय बापलेकीची?" आईने पलंगावरून विचारलं.

"सफाई," बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तेव्हा भांडी तशीच पडली होती आणि बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी पान उघडलं. चार ओळी, चारही ग्राह्य. पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी बराच वेळ वाचलं.

मग आईकडे वळून म्हणाले, "आज चार. पोचले."

आईने उशीवरची मान त्यांच्याकडे वळवली.

"अहो, तीन आठवडे नुसतं पाठवले, पाठवले म्हणत होतात," ती म्हणाली. "पोचले असं आज पहिल्यांदा म्हणालात."

बाबा माझ्याकडे बघू लागले. मी भांड्यांकडे.

"उशीर होत होता," ते शेवटी म्हणाले.

"मग सांगायचं नाही का? मी कुठे पळून चाललेय?" तिने थरथरता हात पुढे केला. "बसा इथे. दूध ती बघेल."