जिन्याखालचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. पाठीला कुबड आहे, अंग पिवळे पडले आहे आणि तोंड फटकळ आहे. कीव करायची असेल तर पुढचे दार बघा.

शहाण्णव साली रंगरावांनी मला बुधवार पेठेतून रिक्षात मांडीवर बसवून शनिवार पेठेतल्या आपल्या संगणक बसवून देण्याच्या कचेरीत आणले. नारळ फोडला, कपाळाला कुंकू लावले. आठ वर्षे मी राबलो. कामात कुणी चुकले की तोंडावर सांगायचो. मग सपाट मॉनिटर आले आणि मी जिन्याखाली गेलो, केरसुणीशेजारी. भंगारवाल्या पोपटला सांगावाही गेला.

त्याच आठवड्यात धायरीच्या एका दवाखान्यासाठी बारा यंत्रे आली. सगळ्यांवर अॅप्लिकेशन सर्व्हर बसवायचा होता. हे सॉफ्टवेअर म्हणजे कचेरीचे स्वयंपाकघर. दिसत नाही, पण ताट तिथूनच येते. बसवायच्या पद्धती दोन. एकीत ते पडद्यावर प्रश्न विचारते, आपण उत्तरे देतो. दुसरी मुकी. उत्तरे आधीच फाइलीत लिहून द्यायची, पडदा नको की माणूस नको.

हे काम कचेरीतल्या नव्या मुलीकडे, अक्षताकडे आले. तिची नोकरी अजून कच्ची होती. ती म्हणाली, "सर, ही उत्तरांची फाइल दुसऱ्या कचेरीची आहे. आधी एक यंत्र प्रश्न बघत करू का?"

"अहो बाई, इथे मुलगी बघायचीय का?" रंगराव म्हणाले. "पाचला डॉक्टर येतायत. मुकी पद्धत लावा. नाही जमलं, तर उद्यापासून येऊ नका."

लावली. बारा यंत्रे गुपचूप चालली, गुपचूप थांबली. तपासले तर एकावरही काही बसलेले नाही! वाजले होते तीन. प्रश्न बघायला नवा मॉनिटर जोडू गेले, तर यंत्राच्या जुन्या धाटणीच्या खाचेत त्याची पिन बसेना. सपाट होता ना, ऐटीत राहिला.

अक्षता तडक जिन्याखाली आली. मला उचलले, जोडले, डाव्या कानशिलात एक ठेवून दिली. मी उजळलो. पहिलाच प्रश्न दाखवला, कुठल्या डिस्कवर बसवू? फाइलीत लिहिले होते दुसऱ्या. या यंत्रांना डिस्क होती एकच! तिने नीट उत्तरे दिली, तीच नव्या फाइलीत साठवली आणि उरलेल्या अकरांवर चालवली. पावणेपाचला बाराही यंत्रे बोलू लागली.

"म्हणजे शेवटी मुकीच पद्धत," रंगराव पुटपुटले.

"हो सर. पण आधी विचारून."

शनिवारी पोपट पोते घेऊन आला. अक्षता दारात उभी राहिली. "हा जाणार नाही."

"मग ठेवायचा कुठे?" रंगरावांनी विचारले.

"माझ्या टेबलावर. सपाटवाला ठेवा जिन्याखाली."

मित्रांनो, जुन्याला टाकायचे तर खुशाल टाका. मी पाया पडणार नाही. पण टाकण्याआधी नव्याची पिन बसते का, तेवढे बघा. आणि माझी काच कोरड्या फडक्याने पुसा. थापड मारायची, तर डावीकडून.